प्रेसखालचा हात

मेकॅनिकल पॉवर प्रेस हे पत्र्याला आकार देणारे यंत्र आहे. वर पंच, खाली डाय आणि मधोमध पत्रा. मोटरवर फिरणारे जड फ्लायव्हील शक्ती साठवून ठेवते. क्लच जुळला की ही शक्ती क्रँकशाफ्टमधून रॅमकडे जाते, रॅम खाली येतो आणि पत्रा एका फटक्यात कापला किंवा वाकवला जातो. मोटारीच्या सीटखालचे ब्रॅकेट, दाराची बिजागरी, दुचाकीच्या साखळीवरचे आवरण, असे असंख्य सुटे भाग भोसरी, तळवडे, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड इथल्या प्रेस शॉपमधून निघतात. वाहन उद्योगात कामगारांची बोटे तुटतात ती मुख्यतः याच यंत्राखाली. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या जखमी कामगारांची माहिती गोळा करून अहवाल काढते. तिच्या अहवालांत पॉवर प्रेसचे नाव दरवर्षी ठळकपणे येते.

कामाच्या जागी सुरक्षिततेचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, हे या एका यंत्रावरून चांगले समजते. या यंत्रावरचा धोका गूढ नाही. पत्रा आत ठेवायला आणि तयार पीस बाहेर काढायला हात डायमध्ये जातो. तो तिथे असताना रॅम खाली आला की बोटे जातात. प्रश्न एवढाच, की हात आत असताना रॅम खाली का येतो?

याचे उत्तर बहुतेक वेळा क्लचमध्ये असते. जुन्या आणि स्वस्त प्रेसना की-क्लच असतो. त्यात एक पोलादी चावी फ्लायव्हील आणि शाफ्टला जोडते. ती एकदा बसली की शाफ्टचा एक पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, मग मधेच कोणी ओरडो की बटण सोडो. चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर रॅम वर जाऊन थांबत नाही, पेडल न दाबताच पुन्हा खाली येतो. प्रेस शॉपमध्ये याला ‘डबल मारणे’ म्हणतात. ‘हे मशीन कधीकधी डबल मारते’ असे नव्या हेल्परला सहज सांगितले जाते. खरे तर ज्या घटकेला हे वाक्य उच्चारले गेले, त्या घटकेला ते यंत्र बंद व्हायला हवे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसमध्ये रॅम अर्ध्या वाटेवर थांबवता येतो. म्हणून प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात मध्ये आला की यंत्र थांबवणारा सेन्सर, अशाच प्रेसवर उपयोगी पडतो. की-क्लचच्या प्रेसला सेन्सर लावला तर दिवा लागेल, यंत्र मात्र थांबणार नाही. तिथे डायभोवती पक्की जाळी हवी किंवा हात आत न जाता पत्रा सरकेल अशी सोय हवी. ऑपरेटरला हा एवढा फरक माहीत नसेल, तर सेन्सरच्या भरवशावर तो निर्धास्त होतो आणि त्याचा धोका उलट वाढतो.

दोन हातांच्या बटणांचेही तसेच. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच रॅम सुटावा, अशी त्यांची रचना असते. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये हात उरत नाही. बटणे डायपासून किती दूर बसवायची याचेही गणित आहे. आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला १.६ ते २ मीटर धरतात आणि यंत्र थांबायला लागणाऱ्या वेळाने त्याला गुणून अंतर काढतात. पण अर्ध्या सेकंदाची ही अट नसलेल्या साध्या जोडणीत एक बटण टेपने कायमचे दाबून ठेवले की हे सारे गणित पुसले जाते. मग एका हाताने पीस आणि दुसऱ्याने बटण, असे काम जोरात चालते.

बटणाला टेप लावणाऱ्या कामगाराला बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि बहुतेक चौकशा तिथेच संपतात. या सवयीमागे जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिले आणि ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात असे मांडले. त्यांचा आधार होता विम्याचे दावे आणि सुपरवायझरांनी लिहिलेले अहवाल. म्हणजे ज्याच्यावर ठपका येऊ शकत होता त्यानेच कारण लिहायचे, अशी ती व्यवस्था. पुढे अनेक अभ्यासकांनी या आकड्यावर आक्षेप घेतले, तरी भिंतीवरच्या फलकांतून आणि व्याख्यानांतून तो आजही फिरतो. ‘काळजी घ्या’, ‘घरी कुणी वाट पाहत आहे’ ही वाक्ये त्याच विचारातून येतात. त्यात खोटे काही नाही. पण तासाला ठरलेले पीस निघाले नाहीत तर उद्यापासून येऊ नको, असे ज्याला सांगितले आहे, त्याला घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठीच तो टेप लावावा लागतो.

म्हणून सुरक्षाशास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी धोका मुळातूनच काढायचा, म्हणजे पत्रा हाताऐवजी फीडरने आत सरकवायचा. ते जमत नसेल तर जाळी, सेन्सर, दोन हातांची बटणे. त्यानंतर कामाची पद्धत आणि प्रशिक्षण. हातमोजे, बूट, चष्मा सगळ्यांत शेवटी. अनेक कारखान्यांत हा क्रम उलटा चालतो, कारण हातमोजे स्वस्त असतात आणि जाळीमुळे काम थोडे मंदावते. प्रशिक्षणाची बाजू मनापासून मांडणाऱ्यानेच हे ठणकावून सांगायला हवे, की जाळी नसलेल्या यंत्रावर माणसाला कितीही शिकवले तरी त्याची बोटे सुरक्षित होत नाहीत. आठव्या तासाला, रात्रपाळीत, तीच हालचाल हजारो वेळा केल्यावर कुणाचेही लक्ष एकदा चुकतेच.

प्रशिक्षणाची खरी कामे वेगळी आहेत. यंत्रातला बिघाड ओळखता येणे, तो बोलून दाखवता येणे आणि काम थांबवता येणे. प्रत्यक्षात रुजू झालेल्या मुलाला पहिल्या दिवशी एका खोलीत बसवून इंग्रजी स्लाइड दाखवतात, रजिस्टरवर सही घेतात आणि दुपारी तो प्रेसवर उभा असतो. तो बीड, परभणी किंवा यवतमाळहून आलेला असतो, नाहीतर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. पुष्कळदा तो कंत्राटदाराचा माणूस असतो किंवा ट्रेनी असतो, आणि काही महिन्यांत दुसऱ्या कंपनीत जाणार असतो. त्याच्या सहीने कारखान्याची फाइल पूर्ण होते.

चांगले प्रशिक्षण यंत्रापाशी होते आणि शिकणाऱ्याच्या भाषेत होते. प्रेस बंद करून, फ्लायव्हील पूर्ण थांबू देऊन, डाय आणि पंच यांच्यामधली जागा त्याला दाखवतात. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते आणि तेवढ्यात पेडल दाबले गेले तर रॅम जोराने खाली येतो, हे त्याच्या डोळ्यांसमोर एखादी लाकडी पट्टी डायमध्ये ठेवून दाखवता येते. पट्टीचे दोन तुकडे झालेले पाहिल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही. मग त्याच्याकडून करून घेतात. शिफ्ट सुरू करण्याआधी बटणे, जाळी, इमर्जन्सी स्टॉप तपासणे, रिकामा स्ट्रोक मारून रॅम वर थांबतो का पाहणे, अडकलेला पीस बोटांऐवजी चिमट्याने किंवा चुंबकाने काढणे. समजले का, असे विचारून उपयोग नसतो, कारण नवा माणूस ‘हो’च म्हणतो. त्यानेच शिकवणाऱ्याला करून दाखवले की कळते. आठवड्याभराने पुन्हा पाहावे लागते, कारण तोवर शेजारच्या जुन्या ऑपरेटरने त्याला वेगाची युक्ती शिकवलेली असते.

तो जुना ऑपरेटर हाच शॉप फ्लोअरवरचा खरा शिक्षक. त्याला वगळून दिलेले प्रशिक्षण टिकत नाही. सुपरवायझरचेही तेच. शिफ्टच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटे यंत्रापाशी उभे राहून बोलायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, तिला टूलबॉक्स टॉक म्हणतात. काल कुठल्या मशीनने डबल मारले, कुणाचा हात थोडक्यात वाचला, हे तिथे निर्भयपणे बोलले गेले तर ती दहा मिनिटे सत्कारणी लागतात. थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला मेमो मिळाला, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. मालकालाही शिकावे लागते. टार्गेट ठरवताना जाळीसकट लागणारा वेळ धरायचा की जाळीविना, हा निर्णय त्याचा असतो आणि बटणावरचा टेप त्यातूनच येतो.

डाय बदलणे आणि दुरुस्ती ही वेगळी, अधिक जोखमीची कामे. तेव्हा जाळी काढलेली असते आणि माणूस अर्धा यंत्रात असतो. रॅमखाली आधाराचा ठोकळा ठेवणे, मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावणे, चावी स्वतःच्या खिशात ठेवणे आणि नावाची पाटी अडकवणे, ही लॉकआउट-टॅगआउटची रीत. दोन माणसे काम करत असतील तर कुलपे दोन. ‘स्विचजवळ एकाला उभा करतो’ ही पद्धत तिची जागा घेऊ शकत नाही. उभा केलेला माणूस चहाला जातो.

सुरक्षिततेच्या कायद्यांचा आणि कामगारांच्या मागण्यांचा इतिहास जुना आहे. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्यात धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालण्याची तरतूद आली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागण्यांचा अर्ज केला. त्यात साप्ताहिक सुट्टीबरोबरच, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा अपंग झालेल्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, असेही मागितले होते. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, १९२३ साली आला. १९४८च्या कारखाने अधिनियमात धोकादायक यंत्रांवर १८ वर्षांखालच्यांना पुरेसे शिकवल्याशिवाय किंवा जाणत्याच्या देखरेखीशिवाय कामाला लावू नये असे कलम होते. सगळ्या कामगारांना माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले गेले ते १९८७च्या दुरुस्तीत. त्यासाठी १९८४ची भोपाळ वायुदुर्घटना घडावी लागली. त्याच दुरुस्तीने, जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेला आणण्याचा हक्क दिला, पण धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांनाच. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने हा हक्क कुठल्याही कामाच्या जागी लागू केला आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. प्रेसवरच्या ऑपरेटरला हे त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे आणि रुजू होताना, यंत्राला हात लावण्याआधी सांगितले गेले पाहिजे.

अपघात झाल्यावर काय करायचे, हाही प्रशिक्षणाचाच भाग, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. आधी स्वच्छ कापडाने जखम दाबून धरायची आणि हात वर ठेवायचा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर पेशी खराब होतात आणि जोडण्याची शक्यता कमी होते. जवळचे कुठले रुग्णालय सूक्ष्म शस्त्रक्रिया करते, हे नाव आणि नंबर भिंतीवर आधीपासून लिहिलेले हवे. ती धावपळ अपघाताच्या वेळी करायची नसते.

कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) नोंदणीही तशीच आधी हवी. जखमी कामगारांना योजनेचे कार्ड नोकरी लागली त्या दिवशी न मिळता अपघातानंतर मिळाल्याचे ‘सेफ इन इंडिया’च्या अहवालांत वारंवार दिसते. कार्डावर पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. या योजनेला लागू कायद्याच्या अनुसूचीत अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात. तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. या टक्क्यांच्या हिशेबाने कायमची पेन्शन ठरते. नोंदणीत रुजू झाल्याची तारीख चुकीची असली किंवा अपघाताचा अहवाल वेळेत गेला नसला, तर तीही महिनोन्‌महिने अडकते. म्हणून पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात नव्या कामगाराच्या हातात चिमट्याबरोबर त्याचे विमा कार्डही दिले जावे, आणि त्यावरचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि घरच्यांची नावे त्याच्याकडून वाचून घ्यावीत.