पुन्हा त्या बेटावर

आवडत्या पुस्तकाचा पुढचा भाग आला की मला आधी धास्तीच वाटते. जुन्या शेजाऱ्यांकडे खूप वर्षांनी जेवायला जावं, सगळं छान असावं, पण आमटी तीच लागू नये, तसं काहीतरी. टी. जे. क्लूनचं 'समव्हेअर बियॉण्ड द सी' (२०२४) वाचताना तस्संच झालं.

आधीचं 'द हाउस इन द सेरुलियन सी' २०२० चं. लॉकडाऊनमध्ये भाचीने मागे लागून वाचायला लावलं. लायनस बेकर हा चाळिशीचा, एकटा, मांजर पाळून असलेला कारकुनी वळणाचा गृहस्थ. जादूच्या मुलांचे अनाथाश्रम तपासायचे आणि अहवाल लिहायचा, ही नोकरी. त्याला महिनाभरासाठी एका बेटावर पाठवतात. तिथे सहा मुलं. त्यातला लूसी म्हणजे साक्षात सैतानाचा मुलगा, वय वर्षं सहा! चॉन्सी नक्की कोण आहे हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्याला मात्र हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायची नोकरी हवी आहे :) लायनस नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन येतो, घाबरतो, हळूहळू विरघळतो आणि आश्रम चालवणाऱ्या आर्थरच्या प्रेमात पडतो.

मी स्वतः बरीच वर्षं फायलींवर शेरे मारायचंच काम केलं. 'नियमात बसत नाही' हा माझा ठरलेला शेरा. त्या अर्जामागचा माणूस कसा राहतो हे बघायला मी किती वेळा खुर्चीतून उठले? एकदाही नाही. म्हणून लायनस मला बोचला. आणि तोही बदलू शकतो म्हटल्यावर जो दिलासा मिळाला, तो नुसता गोडगोड नव्हता.

दुसऱ्या भागात गोष्ट आर्थरच्या बाजूने येते. ज्या घरात लहानपणी त्याचा छळ झाला, तिथेच त्याने मुलांसाठी आश्रम काढलाय. आता त्या छळाबद्दल साक्ष द्यायला त्याला बोलावतात आणि सगळं त्याच्यावरच उलटवतात. हा भाग वाचताना खरंच घशाशी आलं. पण नंतर? मार्बलमॉ नावाच्या तपासनीस बाई बेटावर येतात त्या आधीपासूनच वाईट. बेटावरचे आधीपासूनच चांगले, आणि प्रत्येकाकडे एक तयार भाषण. लायनससुद्धा आता चुकत नाही! मार्बलमॉबाईंमध्ये मी मला कुठेच दिसले नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटायला नको होतं.

एक जागा मात्र फार आवडली. डेव्हिड नावाचा नवा यती मुलगा येतो. त्याला लोकांना घाबरवायला आवडतं, 'मी राक्षस आहे' असं तो अभिमानाने सांगतो. इतकी वर्षं 'तुम्ही राक्षस नाही' असं मुलांना समजावत आलेला आर्थर इथे गडबडतो. एखाद्याला राक्षसच व्हायचं असेल, तर? चांगला माणूस चुकतोय आणि त्याला ते कळतंय, असं अख्खं पुस्तक मला हवं होतं.

हे सगळं मी भाचीला फोनवर तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, ज्यांच्या अर्जावर शेरे पडले ना, त्यांनाही कधीतरी झोपताना वाचायला काहीतरी हवं की नको?"

यावर काय बोलणार? गप्प बसले. तसंही शेवटची पन्नासेक पानं मी रात्री एक वाजेपर्यंत जागून, नाक पुसत वाचली होती, ते तिला सांगितलंच नव्हतं. पुस्तक तिचंच आहे, परत मागतेय. बघू.