दारोदार विचारलेले दुखणे

सांधे दुखणे हा आपल्याकडे आजार मानला जात नाही. ते वयाचे, कामाचे नाहीतर थंडीचे दुखणे समजले जाते. 'वात आहे, चालायचेच' एवढ्यावर घरातली चर्चा संपते. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईची बोटे सकाळी मिटत नाहीत, ओला कपडा पिळता येत नाही, भाकरी थापताना मनगट साथ देत नाही. तरी ती दवाखान्यात पोहोचते तेव्हा वर्ष-दोन वर्षे उलटून गेलेली असतात. तोवर सांध्यातली कूर्चा आणि हाड झिजलेले असते आणि झिजलेला सांधा कोणतेही औषध पूर्ववत करू शकत नाही.

या दुखण्याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता. महाराष्ट्रात तो मांडला पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी. लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून आलेल्या या डॉक्टरांनी पुण्यात संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. पण त्यांच्या संशोधनाचे मोठे काम घडले ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे आपल्याला माहीत असलेले हे गाव संधिवाताच्या जागतिक अभ्यासात 'भिगवण मॉडेल' म्हणून ओळखले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८०च्या दशकात 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम आखला. विकसनशील देशांत महागड्या यंत्रांवाचून, घरोघरी प्रश्न विचारून हाडा-सांध्यांच्या आजारांचा अंदाज घ्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९९६ मध्ये डॉ. चोप्रा यांनी ती भिगवणमध्ये राबवली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घराघरात पाठवले. ज्यांना दुखणे होते त्यांच्याकडून पुढची सविस्तर प्रश्नावली भरून घेतली आणि त्यानंतर तज्ज्ञांनी त्यांना तपासले. हे तीनही टप्पे एकापाठोपाठ न रेंगाळता बरोबरीने चालवले, हे भिगवणचे वैशिष्ट्य. पाहणी आटोपून पथक निघून गेले नाही. गावात आरोग्यशिक्षण आणि उपचार पुढेही चालू राहिले. माहिती घेऊन जाणारे पुष्कळ असतात. परत येणारा संशोधक गावाला क्वचित भेटतो.

चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढांची ही पाहणी होती. त्यात १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडा-सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. बहुतेकांच्या दुखण्यामागे सांध्यांची झीज किंवा स्नायू आणि स्नायुबंधांचे विकार होते. ज्याला आपण आमवात म्हणतो, तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण अर्धा टक्का प्रौढांत आढळला. त्याआधी दिल्लीच्या डॉ. ए. एन. मालवीय यांच्या पथकाने हरियाणातील बल्लभगड परिसरात केलेल्या पाहणीत हे प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास आले होते.

अर्धा टक्का हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. तो आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती. त्यातले २२ लाख प्रौढ धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर आमवाताचे रुग्ण ११ हजारांच्या घरात जातात. हा ढोबळ अंदाज आहे, मोजणी नाही. पण तो खरा असेल तर एका तालुक्याच्या गावाइतकी माणसे रोज सकाळी आखडलेल्या बोटांनी उठतात आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या आजाराचे नावही माहीत नाही.

या आजारात घडते काय? शरीराचे संरक्षण करणारी प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तराला परके समजते आणि त्यावर हल्ला चढवते. असे का होते, याचा एक मोठा धागा ज्यांनी शोधला त्या मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचा शोध हे त्यांचे काम. हा लगाम सैल झाला की शरीर स्वतःवरच उलटते, हे त्यातून कळले. या शोधावर आधारलेले उपचार अजून चाचणीच्या टप्प्यात आहेत.

संधिवाताला नोबेल मिळण्याची ही पहिली वेळ नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांच्या १९२९ मध्ये लक्षात आले, की कावीळ झालेल्या एका रुग्णाचा संधिवात अचानक शमला. गरोदरपणातही अनेक स्त्रियांना आराम पडतो, हे त्यांनी पुढे टिपले. म्हणजे शरीरातच काहीतरी औषधासारखे तयार होत असले पाहिजे, या तर्काचा त्यांनी जवळजवळ वीस वर्षे पाठपुरावा केला. सप्टेंबर १९४८ मध्ये कॉर्टिझोनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. खिळून पडलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना केंडॉल आणि राइखस्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. मात्र कॉर्टिझोनचे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग. स्टेरॉइड वाईट नव्हे. योग्य वेळी, योग्य मात्रेत, देखरेखीखाली ते जीवही वाचवते. देखरेख सुटली की तेच घात करते.

आपल्याकडे ती सर्रास सुटते. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे डॉक्टरांना नवे नाही. दोन दिवसांत आराम पडतो, विश्वास बसतो आणि आतून सांधा झिजतच राहतो. अचानक पुडी बंद केली तर रुग्ण गंभीरही होऊ शकतो, म्हणून तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावी लागते.

इथे डॉ. चोप्रा यांच्या कामाचा दुसरा भाग महत्त्वाचा ठरतो. आयुर्वेदिक औषधांकडे त्यांनी भक्तीनेही पाहिले नाही आणि तुच्छतेनेही नाही. त्यांनी ती तपासली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आमवाताच्या १८२ रुग्णांना सोळा आठवडे वनस्पतिजन्य औषध किंवा त्यासारखीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. औषध घेणाऱ्यांना बरे वाटले, पण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरे वाटले. दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही आणि तसेच छापले गेले. 'मला गुण आला' हा पुरावा पुरेसा का नसतो, हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

गुडघ्याच्या झिजेवरची त्यांची पुढची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आयुर्वेदिक मिश्रणे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. त्याच अहवालात, काही रुग्णांत यकृताशी संबंधित एका घटकाची पातळी वाढली आणि औषध थांबवल्यावर ती खाली आली, हेही नमूद आहे. यश आणि धोका एकाच कागदावर लिहिण्याला संशोधन म्हणतात. आयुर्वेद म्हणजे निर्धोक आणि ॲलोपॅथी म्हणजे 'गरम', ही आपली सोयीची वाटणी या दोन चाचण्यांपुढे टिकत नाही.

२००६ मध्ये चिकुनगुन्याने मराठवाड्यासह राज्याला वाकवले, तेव्हाही असेच झाले. आता सांधे कायमचे गेले, अशी भीती गावोगाव होती. डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील ५०९ रुग्णांचा दोन वर्षे माग ठेवला. बहुसंख्य लोक बरे झाले. दुखणे दीर्घकाळ टिकले ते फार थोड्यांचे. असा माग ठेवला नसता तर भीतीच खरी मानली गेली असती.

आता प्रश्न आपल्या शहराचा. क्रांती चौकातून जालना रोडने कोणत्याही बाजूला निघा, दवाखान्यांच्या पाट्या संपत नाहीत. जालना, बीड, पैठण, सिल्लोडचा रुग्ण घाटीत किंवा या रस्त्यावर येतो तो मात्र हाडांच्या डॉक्टरकडे, कारण संधिवाततज्ज्ञ म्हणून वेगळा डॉक्टर असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. ते गावोगाव पोहोचण्याची वाट पाहण्यात सांधे जातील.

म्हणून भिगवणचा धडा उचलावा. आशा सेविका घरोघरी जातातच. त्यांच्या नोंदवहीत तीन प्रश्न घालावेत. हाताच्या बोटांचे किंवा मनगटाचे सांधे सुजतात का? सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ते आखडलेले राहतात का? हे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू आहे का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवावे. घाटीत संधिवाताचा ठरावीक बाह्यरुग्ण दिवस आणि त्याची माहिती तालुक्यापर्यंत असावी. यासाठी नवी इमारत लागत नाही.

उपचारही आवाक्यातले आहेत. आमवाताचे मुख्य औषध असलेले मेथोट्रेक्सेट हे जुने आणि स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. गरोदरपणात ते चालत नाही. आजार सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर अनेकांचे सांधे वाचतात. एवढी गोष्ट बसथांब्यावरच्या फलकावरही मावेल.

मधुमेह आणि रक्तदाब आपण मोजायला शिकलो, कारण त्यांचा आकडा यंत्रावर दिसतो. सांध्याचे दुखणे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. ते विचारावे लागते. भिगवणमध्ये कोणीतरी दारात जाऊन विचारले, म्हणून ते कळले. मराठवाड्याच्या दारांवर हा प्रश्न कोण विचारणार, हे आरोग्य विभागाने आता ठरवावे.