सासू, सावत्र आई आणि राजेसाहेब

परीकथा म्हणे मुलांसाठी सोवळ्या केल्या! मला विचाराल, तर त्यात अब्रू वाचली ती थोरांची. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. पोर अवघी सात वर्षांची! १८१९ मध्ये सख्खीची सावत्र झाली.

रापुंझेल तर पहिल्या आवृत्तीत तिला मनोऱ्यात कोंडणाऱ्या बाईलाच भाबडेपणाने विचारते, ‘मला कपडे घट्ट का होताहेत?’ राजपुत्र चोरून येत होता. घरोघरच्या आयांना वेगळं सांगायला नको. पुढे हे झाकायला तिच्या तोंडी घातलं, की राजपुत्रापेक्षा तुम्हीच ओढायला जड! म्हणजे दिवस गेलेले लपवायचे, तर पोरीला खुळी ठरवा.

पण निद्रिस्त सुंदरीचे हाल कुत्रा खाईना. बाझीले या इटालियन लेखकाच्या सतराव्या शतकातल्या गोष्टीत एक लग्न झालेला राजा झोपलेल्या मुलीवर अत्याचार करतो आणि खुशाल घरी जातो. तिला झोपेतच जुळं होतं. त्यातलं एक बाळ बोट चोखतं, रुतलेलं कुसळ निघतं, तेव्हा ती जागी होते. चुंबनबिंबन काही नाही! शेवटी आगीत जाते राजाची पहिली बायको, आणि महाराज पुन्हा बोहल्यावर.

१६९७ मध्ये फ्रान्सच्या पेरोने या राजाला अलगद वगळलं, त्याच्या जागी सालस राजपुत्र आणला आणि सगळा दुष्टपणा टाकला सासूच्या पदरात. ती म्हणे नातवंडं खायला निघालेली राक्षसीण! सासूच ती, पुरावा कोण मागतो?