निसर्गाच्या नावावर खपवलेली वाटणी

दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडे एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो : "पोरगीले काय करनं शे आयटीआय?" तिचा कल नर्सिंगकडे, नाहीतर डी.एड.कडे, यंत्राची ओढ मुळात मुलांनाच, असं वर समजावलंही जातं. पूर्वी हे धर्माच्या नावानं सांगत, आता मेंदू आणि हार्मोन्सच्या नावानं सांगतात.

या म्हणण्यात अगदीच दम नाही असं नाही. गर्भात पुरुषी संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुली सरासरीनं गाड्या-यंत्रांच्या खेळण्यांत अधिक रमतात, हे वारंवार दिसलं आहे. ते नाकारू नये. दुसरा दाखला स्टोएट आणि गिअरी या मानसशास्त्रज्ञांचा. समतेत पुढारलेल्या फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत विज्ञान-तंत्रज्ञानाकडे मुली उलट कमी वळतात, असं त्यांनी 2018 मध्ये मांडलं. म्हणजे मोकळीक मिळाली की बाई स्वभावावर जाते! पुढे त्यांना आकडेमोडीत दुरुस्ती करावी लागली, पण ते सोडा. भारतात या शाखांच्या पदवीधरांत मुली सुमारे 43 टक्के आहेत. गरजेपोटी येतात, असं उत्तर मिळेल. येत असतील. पण मग गरज आणि पगार पाहून बदलतो त्याला स्वभाव कसं म्हणायचं?

आता आपल्या शिवारात या. कापूस वेचणी बायांची, कारण म्हणे त्यांची बोटं नाजूक. वाळल्या बोंडाची टोकं त्याच बोटांना रक्त काढतात, आणि मजुरी मिळते किलोवर. बोटांच्या नाजूकपणावरच कामं ठरत असती, तर जळगावच्या सराफ बाजारात बारीक नक्षी करणारे कारागीर पुरुष का असते? स्वयंपाकाचंही तेच. रोजची भाकर बाईची, खापरावरचे मांडे बाईचे. पण लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष आणि हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीत वांगी भाजणारेही पुरुष. पैसे किंवा वाहवा मिळायला लागली की चुलीपुढचा माणूस बदलतो. मास्तरकीची गोष्ट तर याच्या उलट. 1848 मध्ये पुण्यात सावित्रीबाई शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्यावर शेण फेकलं गेलं. आज शिक्षकी पेशा 'बाईच्या स्वभावाला साजेसा' ठरला आहे. पावणेदोनशे वर्षांत बाईची घडण पालटली नाही, लोकांचं मत पालटलं.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. तिथल्या वाचकांना सुरेखा यादव माहीत असतील. साताऱ्याकडची शेतकऱ्याची मुलगी, कऱ्हाडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि पुढे 2023 मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. अपवाद म्हणाल? दार एकालाच उघडलं तर आत जाणारा अपवादच दिसणार.

निसर्गदत्त देणगी आणि समाजानं लादलेलं बंधन यांतला फरक समजून घ्यायचा तर आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंकडे पाहावं. प्रतिभा जन्मजात होती. निरक्षरता घरादारानं दिलेली. मुलगा सोपानदेव लिहिता-वाचता होता म्हणून त्यांची गाणी कागदावर राहिली. पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यावर.

आणि खानदेशानं तरी निसर्गाची साक्ष काढू नये. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या हजारामागे 842 होती. जिथं जन्मसुद्धा निसर्गावर सोडला नाही, तिथं करिअर तेवढं निसर्गावर सोडलं म्हणणं हा कोडगेपणा आहे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. स्त्री-पुरुषांत सरासरीनं काही फरक असतीलही. पण सरासरी पाहून समोरच्या एका मुलीचा फॉर्म भरता येत नाही. 2024-25 पासून राज्य सरकारनं अटींत बसणाऱ्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. खोलीभाडं, मेस आणि संध्याकाळची एस.टी. यांची सोय त्यात येत नाही, आणि यावल-शिरपूरकडच्या बापाचं पाऊल अडतं ते बहुधा तिथंच. मुलींची वसतिगृहं वाढवा, बसची वेळ बदला. आणि पालकहो, येत्या जूनमध्ये पसंतीक्रमाचा रकाना मुलीला स्वतःच्या हातानं भरू द्या.