परवाना एक, गाड्या दोन

मोटार शिकण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या राहणाऱ्याला पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई : सकाळची वेळ हवी की संध्याकाळची? पुण्या-मुंबईत आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे. गाडी गिअरची हवी की ऑटोमॅटिक? बहुतेक जण उत्तर देतात ते घरी कोणती गाडी उभी आहे हे पाहून. घरची मोटार ऑटोमॅटिक असेल तर क्लचचा उपद्व्याप कशाला, असा सरळ विचार असतो आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. अडचण वेगळीच आहे. शिकवणारा जो प्रश्न विचारतो, तो परवाना देणारा कायदा विचारतच नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दहाव्या कलमात परवान्यावर कोणत्या वर्गाचे वाहन चालवण्याची मुभा आहे, हे नोंदवायला सांगितले आहे. त्यात बिनगिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. त्या काळाचा विचार करता हे स्वाभाविक होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कायनेटिक होंडा रस्त्यावर आली होती. बजाजच्या स्कूटरचा डावी मूठ पिळून बदलायचा गिअर ज्यांना जमत नव्हता, किंवा जमणार नाही असे घरच्यांनी ठरवून टाकले होते, त्यांना, विशेषतः स्त्रियांना, या वाहनाने रस्ता मोकळा करून दिला. कायदेकर्त्यांनी त्याची दखल घेतली. बिनगिअरच्या दुचाकीवर परीक्षा दिलेल्याने गिअरची मोटारसायकल चालवू नये, एवढा भेद त्यांनी मान्य केला. मोटारीच्या बाबतीत मात्र ‘हलके मोटार वाहन’ हा एकच वर्ग ठेवण्यात आला, कारण ऑटोमॅटिक मोटार तेव्हा या देशात जवळजवळ नव्हतीच.

याच्या पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यांतील पंधराव्या नियमात परीक्षार्थीने काय काय करून दाखवायचे याची यादी आहे. गाडी सुरू करून क्रमाने सर्व गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत नेणे, वाहतुकीची गरज पाहून चटकन खालच्या गिअरवर येणे, उतारावर खालचा गिअर घेणे, तीव्र चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, असे त्यात नमूद आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिअरचीच मोटार होती. आज ऑटोमॅटिक मोटारीवर परीक्षा दिली तर या यादीतील निम्म्या गोष्टी यंत्रच करते. परीक्षार्थी फक्त बसलेला असतो. त्याला मिळणारा परवाना मात्र गिअरच्या मोटारीवर घाम गाळलेल्याच्या परवान्यापेक्षा तसूभरही वेगळा नसतो.

हा विरोधाभास इतकी वर्षे कोणाला टोचला नाही, याचे कारण बाजारात आहे. परदेशात ऑटोमॅटिक गिअर जुना आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी हायड्रामॅटिक आणला, त्याला आता आठ दशके उलटून गेली. आपल्याकडे मात्र तो महागड्या मोटारींपुरता राहिला. किंमत जास्त, पेट्रोल जास्त आणि दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेरची, ही त्याची ख्याती होती. हे चित्र फिरले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. मारुतीने सेलेरिओ आणली आणि तिच्यासोबत ‘एएमटी’ हे नवे प्रकरण मध्यमवर्गीयांच्या तोंडी बसले. या यंत्रणेत नेहमीचाच क्लच आणि नेहमीचीच गिअरपेटी असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे संगणकाच्या आज्ञेने यंत्र करते. त्यामुळे साधारण पन्नास हजार रुपये जास्त मोजले की लहान मोटारही ऑटोमॅटिक मिळू लागली आणि पेट्रोलचा खर्चही फारसा वाढेना. पाठोपाठ विजेच्या मोटारी आल्या. २०२० च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात उतरली. विजेच्या मोटारीत तर क्लच आणि बदलायचे गिअर हा विषयच संपतो.

दरम्यान शिकणाराही बदलला. ज्या पिढीने चेतक किंवा मोटारसायकल चालवली होती, तिला मोटार शिकताना क्लच म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. हाताला ठाऊक असलेली गोष्ट पायाला शिकवायची एवढेच काम असे. ॲक्टिव्हावर वाढलेल्या मुला-मुलींना इंजिन आणि चाक यांच्यामधला हा दुवा कधी भेटलेलाच नसतो. अशा विद्यार्थ्याला ‘हाफ क्लच’ समजावून सांगताना शिकवणाऱ्यांची तारांबळ उडते. त्यातून एक पळवाट निघते आणि ती सर्वांना माहीत आहे. शिकवण्याच्या मोटारीत डावीकडे शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. पंधरा-वीस दिवस, रोज अर्धा तास, या शिकवणीत अर्धे काम तेच पाय करतात. गिअरच्या मोटारीवर शिकलेल्या अनेकांचा क्लचही अशा रीतीने दुसऱ्याच कोणीतरी शिकलेला असतो.

मग क्लच शिकण्यात एवढे आहे तरी काय? गिअर बदलणे ही काही कला म्हणून जपण्यासारखी गोष्ट नव्हे. शिकाऊ चालकाचे निम्मे लक्ष पायात आणि गिअरच्या दांड्यात अडकलेले असते. तेच लक्ष आरशाकडे, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीकडे आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराकडे गेले तर बरेच, हा ऑटोमॅटिकच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. शहरातल्या वाहतूक कोंडीत तासाला शंभर वेळा क्लच दाबून गुडघा दुखवून घेण्यातही शहाणपण नाही. तथापि गिअरच्या मोटारीचा एक गुण सहसा बोलला जात नाही. नवशिक्याची चूक झाली की ती बंद पडते. क्लच पटकन सोडला, गिअर चुकला, घाबरून ब्रेक दाबला की इंजिन गचके खाऊन थांबते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, विद्यार्थी ओशाळतो, पण गाडी जागच्या जागी उभी राहते. ऑटोमॅटिक मोटार चुकीसाठी थांबत नाही. तिला दिलेली आज्ञा चुकीची असली तरी ती पाळते.

पेडल चुकणे हा प्रकार म्हणूनच ऑटोमॅटिकमध्ये अधिक घातक ठरतो. जपानमध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्यात मरण पावल्या. न्यायालयाने २०२१ मध्ये हीच चूक अपघाताचे कारण ठरवली. चुकून दाबलेला ॲक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा नव्या ऑटोमॅटिक मोटारींना २०२८ पासून सक्तीची करण्याचे जपानने पुढे ठरवले. गिअरच्या मोटारींना ही सक्ती नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना काय होऊ शकते, याचा विचार करायला महाराष्ट्राला जपानपर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिम येथे बेस्टच्या ताफ्यातील भाडेतत्त्वावरील एक विद्युत बस गर्दीत शिरली. समोर येईल त्या वाहनाला आणि माणसाला धडकत ती पुढे जात राहिली. दुसऱ्या दिवसापर्यंत सात जणांचे प्राण गेले होते. नंतर हा आकडा वाढला. ब्रेक निकामी झाल्याचा संशय प्रथम व्यक्त झाला. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत असल्याचे पुढे आले आणि चर्चा चालकाच्या प्रशिक्षणाकडे वळली. क्लच-गिअरच्या लहान बस चालवण्याची सवय असलेल्या चालकाला बारा मीटर लांबीची, बिनक्लचची बस मोजक्या दिवसांच्या सरावावर सोपवण्यात आली होती, अशा बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु त्या घटनेने एक समजूत मोडीत काढली. ज्याला अवघड यंत्र येते त्याला सोपे यंत्र आपोआप येते, ही ती समजूत. वर्षानुवर्षे संकटात क्लच आणि ब्रेक एकदम दाबायला शिकलेल्या डाव्या पायाला तिथे क्लच सापडत नाही. घरच्या ऑटोमॅटिक मोटारीतही असे घडते. फरक एवढाच की तिथे डावा पाय ब्रेकवर पडतो आणि मागच्या आसनावरची मंडळी पुढच्या आसनावर आदळतात.

उलट दिशेचा प्रवास अधिक नित्याचा आहे. ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस लग्नासाठी गावी जातो, चुलत्याची गाडी बाहेर काढतो आणि घाटाला लागतो. कसाऱ्याचा घाट असो, आंबेनळी असो की वरंधा, तिथे जुने चालक एक साधा नियम पाळत आले : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिक मोटारीतही ही सोय असते. खालचा गिअर धरून ठेवण्याचा पर्याय बहुतेक गाड्यांत दिलेला आहे. पण ‘डी’वर टाका आणि चला, एवढेच ज्याला शिकवले गेले, तो त्या दुसऱ्या खुणेला हात लावत नाही. तो घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. जुन्या एएमटी गाड्यांत चढावर ब्रेक सोडताच गाडी किंचित मागे सरकते आणि तिला ॲक्सिलरेटरवर तोलून धरले तर क्लच जळतो, हेही सहसा मिस्त्रीच्या बिलावरूनच कळते. म्हणजे ऑटोमॅटिक मोटारीलाही शिकवण लागते, फक्त तिचा अभ्यासक्रम कोणी लिहिलेला नाही.

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली आहेत. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झालेल्याला गिअरची मोटार चालवण्यास मनाई आहे. हवी असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जपानने १९९१ मध्ये फक्त ऑटोमॅटिकसाठी वेगळा परवाना सुरू केला. एप्रिल २०२५ पासून तर तिथल्या शिकवणीचा मूळ पाया ऑटोमॅटिकच धरला जातो. गिअर हवा असणाऱ्याने तो जोडीला शिकायचा. जर्मनीची वाट सर्वांत व्यवहारी वाटते. १ एप्रिल २०२१ पासून तिथे परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते. सोबत गिअरच्या मोटारीवर किमान दहा तासिका पूर्ण केल्या आणि शिकवणाऱ्या संस्थेतच पंधरा मिनिटांची चाचणी दिली, की दोन्ही प्रकारच्या मोटारी चालवण्याची मुभा मिळते.

ब्रिटिश पद्धतीची सरसकट मनाई इथे आणली तर तिचा पहिला फटका कोणाला बसेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको. पन्नाशीत मोटार शिकायला निघालेली गृहिणी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला निवृत्त शिक्षक, डावा पाय अधू असलेला तरुण, यांच्यासाठी ऑटोमॅटिक ही चैन नसून स्वातंत्र्य आहे. त्यांच्या परवान्यावर ‘अपुरा’ असा शिक्का मारण्याचे कारण नाही. दुसरीकडे, पोटासाठी चालक होऊ पाहणाऱ्या मुलाला केवळ ऑटोमॅटिक शिकवणे ही त्याची फसवणूक ठरेल. मालवाहू टेम्पो, भाड्याची टॅक्सी यांच्यात अजून क्लचचेच राज्य आहे. सीएनजीवर चालणारी ऑटोमॅटिक मोटार तर देशात २०२४ मध्ये प्रथम आली.

याच ठिकाणी कायद्यातील मौन अधिक गंभीर बनते. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहन चालवता येते, हा २०१७ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम ठेवला. लाखो चालकांच्या रोजगाराचा विचार करता तो योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असा, की लहानशा ऑटोमॅटिक मोटारीत परीक्षा दिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी मालाने भरलेला, पाच गिअरचा टेम्पो घेऊन खंबाटकी घाटात उतरू शकतो. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नाही. पन्नास किलोच्या पोराने बिनगिअरच्या स्कूटरच्या परवान्यावर शंभर सीसीची मोटारसायकल काढली, तर मात्र दंड आहे.

जर्मनीसारखी तरतूद येथे करायची तर मूळ अधिनियमातील वर्ग बदलण्याचीही कदाचित गरज पडणार नाही. परीक्षा कोणत्या प्रकारच्या मोटारीवर झाली याची नोंद आणि दुसऱ्या प्रकारावर ठरावीक तासांच्या सरावाचे प्रमाणपत्र, एवढे नियमांच्या पातळीवर होऊ शकते. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले, तेव्हा हलक्या मोटारीसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यात २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे आहेत. या २१ तासांतील पाच-सहा तास दुसऱ्या प्रकारच्या गाडीला देणे अवघड नाही.

अवघड आहे ते गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलचे. बहुतेक विद्यार्थी अजून तिथेच जातात आणि तिथल्या मालकाकडे बहुधा एखादी जुनी मोटार असते, लाल ‘एल’ लावलेली, क्लच दोनदा बदललेला. दुसरी, ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, तिला शिक्षकाच्या बाजूने ब्रेक बसवून घ्यायचा आणि शुल्क तेवढेच ठेवायचे, हे गणित त्याला जमत नाही. म्हणून आज काही ठिकाणी विद्यार्थ्याला घरची ऑटोमॅटिक गाडी घेऊन यायला सांगतात आणि शिक्षक शेजारी बसतो. त्या गाडीत डाव्या बाजूला त्याच्या पायाशी ब्रेक नसतो.