सहसंबंध आणि पाऊस

‘एल निनो’ची वार्ता येतांच मन्याड खोऱ्यांतील कंधारच्या शेतकऱ्याचा पेरणीचा धीर खचतो. पॅसिफिक महासागराचें पाणी तापलें कीं आपला पाऊस बहुधा घटतो. हा सहसंबंध होय. हिंदुस्थानच्या हवामान-खात्याचे प्रमुख (१९०४–१९२४) सर गिल्बर्ट वॉकर यांनीं असेच सहसंबंध मोजले. त्याचें माप उणे १ ते अधिक १. उणे म्हणजे एक वाढतां दुसरें घटणें. येथें तें उणें आहे, पण पुरतें उणे १ नव्हे. म्हणूनच १९९७ सालीं एल निनो प्रबळ असूनही देशांत पाऊस सरासरीइतका झाला. सहसंबंध कल दाखवितो, निकाल देत नाहीं. शेतीवाडी असलेल्या आमच्या वाचकांनीं वार्तेनें सावध व्हावें; बियाणें मात्र ओल पाहूनच टाकावें, असें आम्हांस वाटतें.