पडद्यामागचे प्रशिक्षक

सामना जिंकल्यानंतर वर्तमानपत्रांत जे छायाचित्र प्रसिद्ध होते, त्यात चषक उंचावणारा कर्णधार असतो आणि त्याच्या शेजारी मुख्य प्रशिक्षक असतो. पराभवानंतरचे छायाचित्रही बहुधा त्याच प्रशिक्षकाचे असते. फरक एवढाच, की त्यात त्याची मान खाली गेलेली असते. जयापजयाचे सारे श्रेय आणि सारे अपश्रेय एका माणसाच्या नावे मांडून मोकळे होण्याची ही सवय फुटबॉलपुरती मर्यादित नाही. परंतु फुटबॉलमध्ये ती जितकी ठळकपणे दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. त्या एका माणसाच्या मागे गोलरक्षकांना घडविणारा, खेळाडूंची शारीरिक क्षमता राखणारा, दुखापती पाहणारा, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाचे चित्रण तासन्‌तास तपासणारा आणि बूट-मोजे वेळेवर हजर ठेवणारा असा एक लहानसा कारखानाच चालू असतो, याची जाणीव प्रेक्षकांना अभावानेच असते.

ही जाणीव करून देणारा एक प्रसंग 2023 सालच्या जून-जुलैमध्ये बंगळूर येथे घडला. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या 'सॅफ' स्पर्धेत भारताचे तत्कालीन मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात लाल कार्ड दाखवण्यात आले. त्यामुळे नेपाळविरुद्ध त्यांना मैदानाबाहेर राहावे लागले. पुढे कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात त्यांना पुन्हा लाल कार्ड मिळाले, आणि उपान्त्य व अंतिम या दोन्ही निर्णायक सामन्यांस ते मुकले. तिन्ही वेळा मैदानाच्या कडेला उभे राहून संघाची सूत्रे हलविली, ती साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी यांनी. गोव्याच्या मातीत घडलेला आणि महिंद्र युनायटेड, धेंपो यांसारख्या संघांतून खेळलेला हा एके काळचा बचावपटू. त्याच्या देखरेखीखाली भारताने नेपाळला 2-0 असे हरविले, लेबनॉनचा पेनल्टी शूटआउटमध्ये 4-2 असा पाडाव केला आणि 4 जुलै रोजी अंतिम सामन्यात कुवेतवर शूटआउटमध्येच 5-4 अशी मात करून नवव्यांदा विजेतेपद मिळविले.

संघाची आखणी मूळ स्टिमॅक यांचीच होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मुख्य प्रशिक्षक प्रेक्षकांत बसलेला असताना संघ कोलमडत नाही, याचा अर्थ काय? अर्थ एवढाच, की संघाचे ज्ञान एका डोक्यात कोंडून ठेवलेले नव्हते. ते वाटून घेणारी माणसे शेजारी होती. चांगल्या प्रमुखाची खरी कसोटी त्याच्या उपस्थितीत होत नाही, ती त्याच्या अनुपस्थितीत होते.

गोव्याचेच दुसरे उदाहरण त्याआधीचे आहे. 2020 च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस एफसी गोवा या संघाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. मोसम ऐन भरात असताना हंगामी जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे, आणि तांत्रिक संचालक म्हणून डेरिक परेरा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच फेब्रुवारीत संघाने साखळीत अग्रस्थान मिळविले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढल्याच वर्षी खालिद जमील यांनी नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे अशीच मध्येच हाती घेतली आणि संघाला बाद फेरीपर्यंत नेले. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षे राबलेल्या या प्रशिक्षकाकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद आले. त्याआधीची सुमारे तेरा वर्षे त्या पदावर परदेशी माणसेच होती.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. आपल्या साहाय्यकांची योग्यता आपल्याला कळते, ती अपघाताने. कधी लाल कार्ड निघते, कधी प्रमुखाची मध्येच उचलबांगडी होते. तेव्हा मागच्या रांगेतला माणूस पुढे येतो आणि मग आपण आश्चर्य व्यक्त करतो. वस्तुतः आश्चर्य वाटण्याजोगे त्यात काहीच नाही. आश्चर्य वाटावे, ते आपण ही योग्यता अपघातावर सोपवितो याचे.

याउलट जिथे हे काम पद्धतशीर झाले, तिथे काय घडले हे पाहण्यासारखे आहे. 1959 च्या डिसेंबरात बिल शँक्ली हे लिव्हरपूलचे व्यवस्थापक झाले, तेव्हा त्यांनी आधीच्या साहाय्यकांना काढून आपली माणसे आणली नाहीत. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट ही मंडळी जागेवरच राहिली. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या एका कोंदट खोलीत ती जमत आणि तिथे सराव, दुखापती, प्रतिस्पर्धी यांची चर्चा चाले. रोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांतून ठेवल्या जात. आज अमुक खेळाडूचा स्नायू का दुखावला, याचे उत्तर जुन्या वहीत सापडे. 1974 मध्ये शँक्ली निवृत्त झाले, तेव्हा त्याच खोलीतले पेस्ली पुढे आले. नऊ वर्षांत त्यांनी सहा वेळा इंग्लंडचे साखळी विजेतेपद आणि तीन वेळा युरोपियन चषक मिळविला. त्यांच्यानंतर फेगन आले आणि पहिल्याच मोसमात तीन चषक जिंकून गेले. 1993 मध्ये ती खोली पाडण्यात आली आणि तिच्या जागी पत्रकारांसाठी कक्ष उभा राहिला. राबणाऱ्यांच्या जागी लिहिणारे बसले! आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी या घटनेवर थोडे चिंतन करावयास हरकत नाही.

या मागच्या फळीचे काम किती सूक्ष्म असते, याची साक्ष 2006 च्या विश्वचषकात मिळाली. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात शूटआउटची वेळ आली, तेव्हा जर्मनीचा गोलरक्षक येन्स लेहमान मोज्यात खोचलेली एक चिठ्ठी पुनःपुन्हा काढून वाचत होता. कोणता खेळाडू कोणत्या बाजूला चेंडू मारतो, याची टिपणे गोलरक्षकांचे प्रशिक्षक आंद्रेआस क्योप्के यांनी तिच्यात करून दिली होती. लेहमानने दोन फटके अडविले आणि जर्मनी जिंकली. गमतीचा भाग असा, की शेवटचा फटका मारणाऱ्या कांबियासोचे नाव त्या चिठ्ठीत नव्हतेच. तरीही लेहमानने ती शांतपणे वाचली आणि फटका अडविला. मागच्या माणसाने दिलेला आधार माहितीपुरता नसतो, तो धीराचाही असतो.

आता कोणी असे म्हणेल, की अपयश आले म्हणजे बडतर्फी प्रमुखाचीच होते; मग श्रेयही त्यालाच का नको? हा आक्षेप निराधार नाही. निर्णयाची अंतिम जबाबदारी एकाचीच असावी लागते, अन्यथा मैदानावर गोंधळ माजेल. परंतु प्रमुख जातो तेव्हा त्याच्याबरोबर साहाय्यकांचीही अनेकदा पाठवणी होते. त्यांची बातमी होत नाही, एवढेच. अपयशात वाटा आणि यशात अनुल्लेख हा न्याय नव्हे.

न्याय कसा असतो, हे क्रिकेटमध्ये राहुल द्रविड यांनी दाखवून दिले. 2018 मध्ये एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने द्रविड यांना 50 लाख आणि साहाय्यकांना प्रत्येकी 20 लाख रुपये जाहीर केले. हा भेद द्रविड यांना रुचला नाही. अखेर त्यांच्यासह सर्वांना प्रत्येकी 25 लाख देण्यात आले. आदल्या वर्षी निधन पावलेले संघाचे व्यायाम-प्रशिक्षक राजेश सावंत यांचे नावही त्या यादीत होते. स्वतःची रक्कम निम्मी करून घेतल्याने द्रविड लहान झाले नाहीत.

हा विषय महानगरांतील धनाढ्य क्लबांचा आहे, आपला नव्हे, असे भंडारा जिल्ह्यातील वाचकाला वाटण्याचा संभव आहे. पण झाडीपट्टीतल्या माणसाला तो खरे तर अधिक कळावा. धानाची कापणी आटोपून मंडईचे दिवस सुरू झाले, की गावोगाव नाटके रंगतात. फलकावर नटनट्यांची नावे असतात. रात्रभर संहिता सांभाळणारा प्रॉम्प्टर, वादक आणि पडदा ओढणारे यांच्यावाचून तो खेळ पहाटेपर्यंत टिकणार नाही, हे मात्र प्रत्येक रसिक जाणतो.

दिघोरीसारख्या गावातील शाळेचा संघ तालुक्याच्या स्पर्धेस जातो, तेव्हाही असाच एक अदृश्य चमू कामाला लागलेला असतो. वयाचे दाखले गोळा करून प्रवेशपत्रे मुदतीत पाठविणारे लिपिक, चुन्याच्या रेषा आखणारा शिपाई, आपला गणिताचा तास सांभाळून मुलांसोबत जाणारे शिक्षक आणि लहानांना सराव देणारा माजी विद्यार्थी, हे सारे त्या संघाचे साहाय्यक प्रशिक्षकच होत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक असावा असे सांगितले खरे, पण तो अंशकालीन. मैदानावरचे काम मात्र कधीच अंशकालीन नसते.

तेव्हा मागणी मोठी नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात चषकाचा उल्लेख होईल, तेव्हा या मंडळींची नावे उच्चारली जावीत. खेळासाठी दिलेले तास शिक्षकाच्या आणि लिपिकाच्या कामात धरले जावेत. सरावाची एक वही प्रत्येक शाळेने ठेवावी, म्हणजे एका शिक्षकाची बदली झाली, तरी त्याचा अनुभव शाळेतच राहील. आणि शासनाच्या पुरस्कारांत एका गुरूबरोबर त्याच्या सहकाऱ्यांसाठीही जागा असावी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या येत्या मोसमापासूनच सुरू करता येतील.